मिरीच्या पंजावरची जखम

मिरीच्या पुढच्या उजव्या पंजावरची जखम काही केल्या भरत नव्हती. तशी ती मोठी नव्हती. सरावाच्या ढिगाऱ्यात पत्र्याची कड लागून कापलं होतं एवढंच. एरवी असल्या जखमा मिरी चाटूनच बऱ्या करायची. या खेपेला मात्र खपली धरायची, खालून पू यायचा आणि खपली सुटून पुन्हा लाल मांस उघडं पडायचं. ज्ञानदेव सपकाळ रोज सकाळी पथकाच्या ओट्यावर बसून कोमट पाण्यानं ती धुवायचा, मलम लावायचा, पट्टी बांधायचा. मिरी मुकाट्यानं पंजा त्याच्या मांडीवर ठेवून बसायची.

मिरी पोलादपूरच्या दरड बचाव पथकातली कुत्री. काळी कुळकुळीत, म्हणून मिरी. अंगलट लॅब्रॅडॉरची, पण कान आणि हट्ट कुठल्या तरी गावठी आजीकडून आलेले. गेल्या काही वर्षांत सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावसाची रीतच बदलून गेली होती. महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळायचा आणि डोंगर ठिकठिकाणी खाली यायचे. उतारांवर कंपन मोजणारे खुंट ठोकले होते. ड्रोन होते, ढिगाऱ्याखालच्या माणसाचा श्वास टिपणारी यंत्रंही होती. पण तांबडी माती भिजून तिचा गोळा झाला, की यंत्रांची नाकं बंद पडायची. मिरीचं नाक बंद पडत नसे. तिनं दाखवलेल्या जागेतून जिवंत निघालेली माणसं आसपासच्या गावांत चालतीबोलती होती. बाजारात मिरी दिसली की त्यांतली काही जण वाकून तिला नमस्कार करत. ज्ञानदेवाला त्यात काही वावगं वाटत नसे. तोही मनातून तसंच करायचा.

पथकाच्या पशुवैद्यक डॉ. अस्मा मुजावर यांनी मिरीला तीन प्रकारची औषधं देऊन पाहिली. मग एके दिवशी त्यांनी ज्ञानदेवाला खोलीत बोलावलं आणि पडद्यावर मिरीच्या कंठपट्टीचा आलेख उघडला.

कंठपट्टी त्या वर्षीच आली होती. दिसायला साधा गळपट्टा, पण आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया. दर तासाला त्या रक्ताचा कणभर थेंब ओढून घेत आणि दोन गोष्टी मोजत. एक म्हणजे कॉर्टिसॉल, ताणाच्या वेळी शरीर रक्तात सोडतं तो रस. दुसरी गोष्ट आजवर कुणाला अशी घरच्या घरी मोजता आली नव्हती. पथकात तिला ‘चिकटांक’ म्हणत.

“बसा सपकाळ,” डॉक्टर म्हणाल्या. “मिरीच्या रक्तात पांढऱ्या पेशी किती आहेत, माहीत आहे? भरपूर. नेहमीपेक्षा जास्त. मग जखम का भरत नाही?”

“तेच तर विचारतोय मॅडम.”

“या पेशी रक्ताबरोबर वाहत असतात. नदीतून माणसं वाहत जावीत तशा. कुठं जखम झाली की तिथल्या काठाला लागायचं, थांबायचं आणि भिंतीतून बाहेर पडून जंतूंवर तुटून पडायचं, हे त्यांचं काम. काठाला लागायला त्यांच्या अंगावर हुकासारखे बारीक आकडे असतात. कॉर्टिसॉल थोडा वेळ चढला तर फायदाच होतो. पेशी जाग्या होतात, कातडीकडे धाव घेतात. जनावर लढाईला निघालं की शरीर आधीच फौज तयार ठेवतं. पण तोच कॉर्टिसॉल दिवसचे दिवस उतरला नाही, तर आकडे गळून पडतात. मग फौज नुसती वाहत राहते. जखमेच्या दारावरून जाते, पण उतरता येत नाही. चिकटांक म्हणजे शंभरातल्या किती पेशी काठाला लागल्या तो आकडा. मिरीचा बघा.”

ज्ञानदेवानं पाहिलं. रेघ तळाला गेली होती.

“तिला ताण कसला? काम तर तिला आवडतं.”

“कामाचा ताण नाहीच हा. हे बघा, सरावाच्या वेळी कॉर्टिसॉल झपकन चढतो आणि तासाभरात उतरतो. उत्तम आहे. आणि हे संध्याकाळचं.” त्यांनी बोट ठेवलं आणि आवाज जरा खाली आणला. “तुमच्या घरी गेली की चढतो. आणि राहतो.”

ज्ञानदेवानं पडद्यावरून नजर काढली. मग म्हणाला, “मॅडम, मी तिला कधी बोट लावलं नाय. आमच्या आधी तिचं ताट वाढतो.”

“मला ठाऊक आहे.”

“मग हे यंत्र काय म्हणतंय?”

यंत्र काय म्हणतंय ते अस्मालाही नीट कळलं नव्हतं. पण कंठपट्ट्यांच्या पाठोपाठ नियमही आला होता. चिकटांक सलग महिनाभर ठरलेल्या रेघेखाली राहिला, तर प्राण्याचा सांभाळणारा बदलायचा. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. कुणी जनावराला मारतं, कुणी नको तेवढं राबवतं, ते झाकून राहू नये. आणि बऱ्याच ठिकाणी तो नियम बरोबर माणसावर पडलाही होता. आता तो ज्ञानदेवावर पडत होता, आणि अस्माच्या हाताखालून जात होता. तिला ते बोचलं. मिरीचा ओला पंजा पुसायला हा माणूस स्वतःचा शर्ट वापरतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

मिरीला चिपळूणच्या तळावर वनिता घाग यांच्याकडे सोपवलं. वनिता कुत्र्यांच्या बाबतीत हातगुणाची बाई. गाडी निघताना मिरी मागच्या काचेतून पाहत राहिली. ज्ञानदेव गाडी वळेपर्यंत थांबला नाही. पाठ फिरवून कुंपणाच्या तारा आवळायला लागला. खरं तर तारा ढिल्या नव्हत्याच.

चिपळुणात मिरीनं अन्न सोडलं. वनितानं अंडी घातली, मटणाचं पाणी दिलं, शेजारी अंथरूण घातलं. मिरी दाराकडे तोंड करून पडून राहायची. कॉर्टिसॉल आणखी चढला, चिकटांक आणखी खाली गेला, पंजाची सूज कोपरापर्यंत आली. अखेर वनितानंच फोन केला.

“मॅडम, ही इथं राहिली तर पाय कापावा लागेल. नियम राहू द्या बाजूला. हिला घरी न्या.”

मिरी परत आली. ज्ञानदेवाला पाहून ती धावली नाही, लंगडत गेली आणि त्याच्या गुडघ्याला डोकं टेकून उभी राहिली. अस्मा दोघांकडे बघत होती. या माणसाजवळ मिरी आजारी पडते आणि त्याच्यापासून तोडली तर मरायला टेकते. पुस्तकात याला उत्तर नव्हतं. म्हणून त्या संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली.

ज्ञानदेवाच्या बायकोनं, नंदानं, चहा टाकला. घर नेटकं होतं. ज्ञानदेव पडवीत खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर, नजर समोरच्या डोंगरावर. मिरी आतून आली. त्याच्या पुढ्यात सरळ बसली, एकदा भुंकली आणि जखमी पंजानं त्याच्या पायाजवळची फरशी खरवडू लागली. मग थांबली आणि मान वळवून नंदाकडे, अस्माकडे पाहू लागली. पुन्हा भुंकली. पुन्हा खरवडलं. पट्टीवर रक्ताचा ठिपका उमटला.

“हे कधीपासून?” अस्मानं विचारलं.

“रोजचंच आहे,” नंदा म्हणाली. “दमली की झोपते. आम्हाला वाटतं भूक लागली असेल, पण खायला दिलं तर खात नाही.”

अस्माच्या हातातला कप तसाच राहिला. सरावात तिनं शेकडो वेळा हे पाहिलं होतं. बसायचं, एकदा भुंकायचं, जमीन खरवडायची आणि मागच्या माणसांकडे बघायचं. ढिगाऱ्यावर मिरी असं करते तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो. इथं खाली माणूस आहे. जिवंत आहे. खणा.

“सपकाळ,” ती म्हणाली, “माणूस घाबरला, कोंडला की त्याच्या घामाचा वास बदलतो. आपल्या नाकाला कळत नाही, कुत्र्याला कळतो. हे नवीन नाही, शास्त्राला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. ढिगाऱ्याखालच्या माणसाचा जो वास मिरीला शिकवलाय, तोच तिला रोज संध्याकाळी तुमच्या अंगाला येतोय. कामावर तुमचं लक्ष कामात असतं, तेव्हा नाही. इथं येऊन बसलात की येतो. ती तुम्हाला शोधून काढते, खूण करते, आणि कुणी खणायला येत नाही. रोज. तिला वाटतंय माणूस मरतोय आणि आपण सांगूनही कुणी ऐकत नाही.”

“मला काय झालेलं नाय,” ज्ञानदेव म्हणाला.

नंदा आतल्या उंबऱ्यापाशी उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “दोन वर्षं झाली. शिवरामभावजींचं नाव या घरात निघालं नाही. मी एकदा काढलं तर तुम्ही ताटावरून उठलात. मग मीही गप्प बसले. मला वाटलं, काळ जाऊ द्यावा. पण कुत्रीला वाट बघता येत नाही असं दिसतंय.”

ज्ञानदेव उठला. नेहमीसारखा डोंगराकडे निघून जाईल असं नंदाला वाटलं. पण मिरी त्याच्या पायाशी होती आणि पाय तिच्यावर पडेल म्हणून तो थांबला. खाली बसला. तिचा पंजा हातात घेऊन पट्टीवरचा ठिपका बघत राहिला. त्याचे खांदे हलू लागले तेव्हा अस्मा चहा ठेवून अंगणात निघून गेली.

शिवराम उतेकर पथकातला त्याचा जोडीदार. गोठणवाडीवर दरड आली तेव्हा मिरीनं जागा दाखवली, शिवराम खड्ड्यात उतरला, आणि वरून दुसरी दरड आली. एवढं सगळ्यांना माहीत होतं. गावाच्या वेशीवर शिवरामच्या नावाची कमान उभी होती. त्याची बायको लता भोरपेवाडीला राहत होती, बसनं अर्ध्या तासावर. ज्ञानदेव दहाव्याला गेला होता, त्यानंतर गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि मिरीला घेऊन भोरपेवाडीची बस धरली. लता परसात नाचणी पाखडत होती. तिनं आधी मिरीला पाहिलं, मग त्याला.

“या भावजी,” ती म्हणाली. “वाट चुकलात वाटतं.”

“चुकलो होतो वहिनी.”

तिनं पाणी दिलं. सूप बाजूला ठेवलं नाही, पाखडतच राहिली.  मिरी त्या दोघांच्या मध्ये जाऊन पसरली.

“मला सगळे येऊन सांगून गेले,” लता म्हणाली. “कलेक्टर आले, आमदार आले. वीरमरण म्हणाले. कुणी म्हणालं, शेवटी देवाचं नाव घेतलं. तिथं तर त्यांतलं कुणीच नव्हतं. तुम्ही होतात. मी दोन वर्षं वाट बघतेय की तुम्ही कधी येऊन सांगाल.”

मग ज्ञानदेवानं सांगितलं. हळूहळू, मध्ये थांबत. शिवराम छातीपर्यंत खड्ड्यात होता. खालून चार वर्षांची पोरगी हाताला लागली. ती किंचाळत होती, म्हणून शिवराम तिला म्हणाला, माझी मिशी ओढ, जोरात ओढ, बघू किती ताकद आहे. पोरीनं खरंच ओढली. तो हसला. तोंडात चिखल गेला म्हणून थुंकला. मग पोरीला वर करून म्हणाला, “ज्ञाना, आधी हिला घे, मग मला हात दे.” ज्ञानदेवानं पोरीला घेतलं, मागच्या माणसाच्या हातात दिलं आणि हात द्यायला वळला.

“वळलो तर हात नव्हता,” तो म्हणाला. “नुसती माती. वहिनी, मला रोज दिसतं ते. कुणी विचारलं तर सांगता यावं असं त्यात काय आहे? देवाचं नाव नाही घेतलं त्यानं. मिशीचं बोलला.”

लताचं सूप थांबलं होतं. ती खाली बघत होती.

“हसला होता?”

“हो. खरंच हसला.”

“मला वाटायचं घाबरला असेल,” ती म्हणाली. “रात्रंदिवस तेच वाटायचं. की अंधारात एकटा घाबरला असेल.” तिनं पदरानं डोळे पुसले. “मिशी सगळ्या पोरांना ओढू द्यायचा. आमच्या धाकट्यानं तर अर्धी उपटली होती. त्यानंच खोड लावली.”

आणि ती हसली. रडता रडता हसली. ज्ञानदेवही. ती जेवल्याशिवाय सोडेना. पानावर भाकरी आणि कुळथाचं पिठलं होतं, आणि जेवताना शिवरामच्या इतक्या गोष्टी निघाल्या की शेवटची बस गेली आणि तिच्या दिरानं त्याला मोटारसायकलवर घरी आणून सोडलं. मिरी दोघांच्या मध्ये चेंगरून बसली होती.

एका भेटीनं जखम भरत नसते, मिरीची नाही आणि माणसाचीही नाही. शरीराला घाई ठाऊक नसते. अस्मानं ज्ञानदेवाला महाडच्या समुपदेशकाकडे पाठवलं. पहिल्या खेपेला तो तासभर पंख्याकडे बघून परत आला. तरी पुन्हा गेला. स्वतःसाठी गेला नसता. मिरीच्या पंजासाठी गेला, आणि ते त्यानं समुपदेशकाला तसंच सांगितलं. रविवारी तो आणि नंदा भोरपेवाडीला जाऊ लागले. लताच्या शेताचा बांध पावसात खचला होता, तो तिघांनी मिळून उभा केला. घरी जेवताना शिवरामचं नाव निघू लागलं. कधी त्यावर हसू व्हायचं, कधी ज्ञानदेव गप्प व्हायचा. पण आता तो ताटावरून उठत नसे.

अस्मा रोज आलेख उघडून बघत होती. संध्याकाळचा कॉर्टिसॉल आधी जेमतेम हलला. मग एकदा उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. चिकटांकाची रेघ तळातून सुटली. पेशींना आकडे फुटू लागले होते. थेंबागणिक जास्त पेशी काठाला लागत होत्या, थांबत होत्या, आपल्या कामाला उतरत होत्या. पंजाची सूज ओसरली. जखमेच्या कडा कोरड्या झाल्या आणि आतून गुलाबी कातडी सरकत आली. अस्मानं आयुष्यभर पेशी पाहिल्या होत्या. तरी एक माणूस बोलायला लागतो आणि त्याच्या कुत्रीच्या रक्तातला एकेक सैनिक काठाला लागतो, हे पाहून तिला आपल्या विद्येचा नव्यानं अचंबा वाटला. त्याहून जास्त अचंबा त्या माणसाचा. औषध तिनं सांगितलं होतं, पण ते कडू औषध रोज तो घेत होता.

जुलैत कशेडी घाटाच्या पलीकडे एका वस्तीवर डोंगर उतरला. मिरी पाऊस झेलत ढिगाऱ्यावर फिरली आणि गोठ्याच्या पडक्या भिंतीपाशी बसली. भुंकली. खरवडलं. खाली एक म्हातारी आणि तिची गाभण म्हैस एकाच तुळईच्या आडोशाला अडकली होती. ज्ञानदेवानं मिरीला दुसऱ्याच्या हाती दिलं आणि स्वतः खड्ड्यात उतरला. उतरण्याआधी कमरेला दोर बांधला, आणि बरोबरच्या दोघांनाही बांधायला लावला. दोराशिवाय कुणी खाली जाणार नाही, हे त्यानं पथकात त्या वर्षी भांडून पास करून घेतलं होतं. वर डोंगर कुरकुरत होता. ड्रोनवाला ओरडला, तडा वाढतोय. म्हातारी म्हणाली, आधी म्हशीला काढा. ज्ञानदेव म्हणाला, “आजी, म्हैस गाभण आहे, तिला वेळ लागेल. तुम्ही माझ्या गळ्यात हात टाका.” म्हातारी वर आली. मग माणसं वाढली आणि म्हैसही निघाली. सगळे खाली रस्त्याला लागले तेव्हा वरचा तुकडा सुटला आणि रिकामा खड्डा गिळून गेला.

ज्ञानदेव रस्त्याच्या कडेला बसला.  कमरेचा दोर सोडून त्यानं शेजारी ठेवला. मिरी येऊन अंगाला अंग लावून बसली आणि घटकाभरात घोरायला लागली. तळावर अस्मा पडद्यासमोर होती. मिरीचा कॉर्टिसॉल डोंगरासारखा चढला होता, आणि आता तितक्याच सरळ रेघेत खाली येत होता.

अस्मानं हे सगळं वरच्या समितीपुढे मांडलं. कंठपट्टी खोटं बोलत नाही, पण ती नेहमी दोघांबद्दल बोलते, एवढंच ती म्हणाली. चिकटांक पडला तर माणूस बदलण्याआधी माणसाकडे बघा. समितीला पटायला वेळ लागला, पण पटलं. नियमात एक ओळ वाढली. जिथं जनावराच्या अंगावर मार किंवा उपासमार दिसत नाही, तिथं सांभाळणाऱ्याची आधी विचारपूस करायची.

विचारपूस कुणी करायची, हे त्या ओळीत नव्हतं. ते आपोआप ठरत गेलं. दुसऱ्या तळांवरचे लोक पोलादपूरला यायला लागले. कुणी औषध विचारायच्या निमित्तानं, कुणी मिरीला बघायला.

दिवाळीनंतर राधानगरीच्या तळावरून केरबा पाटील आला. धिप्पाड माणूस. त्याच्या कुत्र्याला, सुलतानला, सारखा खोकला होता आणि चिकटांक रेघेखाली गेला होता. केरबा ज्ञानदेवाच्या घरच्या ओट्यावर येऊन बसला. नंदानं चहा दिला, तो निवत राहिला. सुलतान त्याच्या बुटांपाशी पडून वर बघत होता.

“मला काय झालेलं नाही,” केरबा म्हणाला. “मॅडम म्हणाल्या म्हणून आलो. सांगण्यासारखं काही नाही माझ्याकडं.”

“नसू दे,” ज्ञानदेव म्हणाला. तो त्याच्या शेजारी ओट्यावर बसला, डोंगराकडे तोंड करून. “माझ्याकडं आहे. ऐकणार का? माझा एक जोडीदार होता. शिवराम नाव त्याचं. त्याला एवढी मोठी मिशी होती.”

केरबानं मान वळवली. ज्ञानदेव सांगायला लागला.